काचेचे मीटर

केतकी गुरव नेमकी काय नोकरी करते, हे पाडगरात कुणालाच धड सांगता येत नव्हतं. तिचे वडील भालचंद्र गुरव रवळनाथाच्या देवळाचे पुजारी. कुणी विचारलंच तर ते म्हणायचे, "लेसराचो रंग बदलता." यात चुकीचं काही नव्हतं, पण एवढ्याने कुणाचं समाधान होणार? शेवटी गावाने आपल्या परीने तिला "रंगारीण" असं नाव ठेवलं आणि विषय मिटवला.

पाडगर हे ओरोसहून घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं, डोंगराच्या पायाशी चिकटलेलं गाव. ओरोसकडून गेलं की आधी शाळा लागते. मग एक वळण, एक वहाळ म्हणजे ओढा, त्यावर पूल, आणि वहाळापलीकडे देऊळवाडी. तिथून पुढे रस्ता घाट चढू लागतो. विजेवर चालणारी एसटी त्या वळणावर हल्ली आवाज न करता येते, म्हणून म्हाताऱ्या बायका तिला शिव्या घालतात. रस्त्याच्या कडेने जमिनीखालून काचेची केबल जाते. तिचं एक टोक ओरोसच्या केंद्रात आहे, आणि तिथेच केतकी बसते.

आता हा रंगांचा मामला काय, तो सांगायला हवा. केसाएवढ्या काचेच्या तंतूतून एका वेळी ऐंशी-नव्वद रंगांचा प्रकाश सोडतात. रंग म्हणायचं ते आपलं सोयीसाठी, कारण डोळ्याला त्यातला एकही दिसत नाही. प्रत्येक रंगावर वेगळी वाहतूक. एकावर बँक, दुसऱ्यावर इस्पितळ, तिसऱ्यावर पाडगरच्या टॉवरवरचे सगळे फोन. पूर्वी एका लेसरमधून एकच रंग निघायचा. जितके रंग तितके लेसर, आणि एखादा बिघडला तर बदली म्हणून त्याच रंगाचा दुसरा जपून ठेवायचा. कपाटंच्या कपाटं भरायची.

मग रंग बदलणारे लेसर आले. कुठल्याही लेसरमध्ये प्रकाश दोन आरशांमध्ये येरझाऱ्या घालतो आणि तगडा होऊन बाहेर पडतो. या नव्या लेसरचे दोन्ही आरसे मुद्दाम खास केलेले असतात. प्रत्येक आरसा ठरावीक अंतराअंतरावरचे बरेच रंग परतवतो, कंगव्याच्या दातांसारखे. पण दोन्ही कंगव्यांच्या दातांमधलं अंतर किंचित वेगळं ठेवलेलं असतं. एकावर एक धरले तर एकाच जागी दाताला दात भिडतो. तोच रंग टिकतो, बाकीचे विझतात. एका आरशाला जराशी वीज जास्त दिली की त्याचा कंगवा कणभर सरकतो, आणि दात भलत्याच जागी जुळतात. झालं, लेसरचा रंग बदलला. शेवटचा बारीक फरक चिपची उष्णता कमीजास्त करून साधतात, नाहीतर हा रंग शेजाऱ्याच्या रंगात घुसायचा. असा एक लेसर कुणाच्याही जागी बसतो.

एवढ्यावर थांबलं असतं तर केतकीची ही गोष्ट घडलीच नसती. पण कुणाच्या तरी डोक्यात आलं की रिकामा लेसर नुसता का बसवून ठेवायचा? त्याला सगळ्या रंगांतून क्रमाने पळवला तर? काच कितीही शुद्ध असो, तिचा प्रत्येक तुकडा थोडासा प्रकाश मागे पाठवतोच, आणि कुठल्या रंगाचा किती, हे अंगठ्याच्या ठशाप्रमाणे प्रत्येक तुकड्याचं वेगळं असतं. काच ताणली गेली की तोच ठसा जरा बाजूच्या रंगावर उमटतो. आणि हा प्रकाश किती लांबून आला? तर लेसर सारखा रंग बदलतो आहे, म्हणजे जितक्या लांबून प्रकाश परत येईल, तितका त्याचा रंग जुना झालेला असणार. या दोन गोष्टींवरून कळतं, कितव्या मीटरवर काच किती ताणली आहे. जमिनीत पुरलेली काच ताणली जाते, कारण जमीन सरकते. याला कंपनीने रंगफेरी असं नाव दिलं. आणि डोंगराखालच्या गावांना दरडीची सूचना देण्याचं काम मिळवलं. दक्षिणेकडच्या टापूची जबाबदारी केतकीवर होती.

श्रावण निम्मा झाला तरी पाऊस हटेना. त्यात दुसऱ्या बाजूने पाडगरला येणारी केबल एका पुलासकट वाहून गेली. बदली लेसर होते ते दुसरीकडे लावावे लागले आणि पाडगरच्या वाट्याला एकुलता एक उरला. गावाचे फोनही तोच वाहणार आणि मध्येमध्ये सवड काढून रंगफेरीही तोच मारणार. त्या सकाळी अशाच एका धावत्या फेरीत केतकीला दिसलं की काच ताणली आहे. मागच्या फेरीपेक्षा जास्त. तिने नकाशावर मीटर जुळवून पाहिले. जागा देवळामागची होती.

तिने वडिलांना फोन लावला. "बाबा, देवळामागचो डोंगर सरकता. आजच्या आज देऊळवाडी रिकामी करूक व्हयी."

"तुका कोणी सांगल्यान?"

"काचेन."

"मगे लोकांका सांग."

"माझा कोण ऐकतलो? तुम्ही कौल लावा. देवान उजवो दिल्यान म्हटल्यावर सगळे उठतले."

पाडगरात कुठलंही मोठं काम कौलाशिवाय होत नाही. देवाच्या पाषाणावर गुरव ओल्या कळ्या चिकटवतो, प्रश्न विचारतो आणि वाट पाहतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. भालचंद्र गुरवांच्या घराण्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.

"आणि डावो पडलो तर?" त्यांनी विचारलं.

केतकी म्हणाली, "तर परत लावा."

"बाय, कौल लावूचो असता, लावून घेवचो नसता." ते रागावले नव्हते, लहानपणी गणित चुकल्यावर बोलायचे तसंच बोलत होते. "आपणाक कळणा नाय ता देवाक इचारूचा. तुका कळता ना? मगे देवाच्या मागे कित्याक लपतंस? मी सगळ्यांका सभामंडपात बोलवतंय. फोनार तूच सांग."

आणि तिला सांगावं लागलं. दाजी नाईक गावचे मानकरी, त्यांच्या होकाराशिवाय गावात पानही हलत नाही. त्यांनी फोनजवळ येऊन आधी घसा खाकरला.

"गो रंगारणी, सत्तर वर्सां बघतंय मी ह्यो डोंगर. चाय पिवक पण कधी खाली उतरलो नाय."

"दाजीकाका, उतरलो तर चाय पिऊन परत जावचो नाय तो."

मागे कुणीतरी हसलं. दाजी हसले नाहीत. काच काय सांगते, ती खोटं कशी बोलत नाही, हे केतकीने जमेल तसं समजावलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी भालचंद्र गुरव मध्ये पडले. "माझा चेडू खोटा सांगूचा नाय," एवढंच ते लेकीबद्दल म्हणाले. गुरवाचा शब्द होता. कुरकुरत का होईना, माणसं उठली. गुरंढोरं सोडली, अंथरुणं, जेवणाचे टोप, म्हाताऱ्यांच्या गोळ्या असं सगळं घेऊन देऊळवाडी वहाळ ओलांडून शाळेत गेली. भालचंद्र गुरव तेवढे मागे राहिले. देवाची पूजा व्हायची होती, म्हणे.

"पूजा उद्या करा," केतकी फोनवर जवळजवळ ओरडली.

"देव थय एकटो, आणि मी शाळेत खिचडी खातंय? आवरून येतंय. तू तुझा काम कर."

काम करायचं म्हणजे काय, समोरच्या पडद्याकडे बघत बसायचं. डोंगर सरकतो आहे, आई गेल्यापासून आपल्याला जे एकच माणूस उरलं आहे ते त्याच्याखाली फुलं वाहत बसलं आहे, आणि आपण तीस किलोमीटरवर खुर्चीत. केतकीला वडिलांचा असा राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

पुढची धावती फेरी आली. ताण वाढला होता. पण त्याच जागी आणखी काहीतरी होतं, बारीक, सतत थरथरणारं. गर्दीच्या रस्त्याखालची काच अशी थरथरते, हे तिला माहीत होतं. पुष्कळ पावलं पडतात तेव्हा. तिने परत फोन लावला.

"बाबा, लोक परत इले?"

"कोण नाय. हय मी, देव आणि एक कुत्रो."

"मगे देवळाकडे चलता कोण?"

"अगो, कोण नाय म्हणतंय ना."

केतकीने पडद्यावरची थरथर परत पाहिली. माणसं सगळी शाळेत होती आणि पावलं देवळाजवळ वाजत होती. यातलं एक खोटं असायला हवं, आणि तिचे वडील काही खोटं बोलत नव्हते.

"बाबा, देवळाच्या कोपऱ्यार केबलचा चेंबर आसा. पहार घेवा आणि तेच्या झाकणार आपटा. तीन ठोके, मग थांबा, परत तीन. फोन बंद झालो तरी थांबू नकात."

"फोन बंद झालो तर तुका ऐकूक कसा येतला?"

"लेसर एकच आसा, बाबा. एक तर तो तुमचा बोलणा आणतलो, नाय तर जमीन ऐकतलो. दोन्ही एकदम जमणा नाय."

"बरा," ते म्हणाले. "मी ठोकतंय. तू ऐक."

तिने लेसर फोनच्या रंगावरून सोडवला. पाडगरचे सगळे फोन मुके झाले. आता धावती फेरी नव्हती, लेसर सगळे रंग एकामागून एक, न थांबता घोटत होता. पडदा स्वच्छ झाला. आणि तीन ठोके आले. जरा थांबून परत तीन. सत्तरीतला माणूस, भर पावसात, तालात ठोकत होता.

पण नकाशा म्हणत होता की हे ठोके देऊळवाडीच्या पार पुढे, घाटातल्या रानात पडताहेत, जिथे घर ना दार. खरी जागा आणि नकाशातली जागा यांत जवळजवळ शाळा ते देवळाइतका फरक पडत होता. केतकीने तोच फरक सरकत्या जागेला लावून पाहिला. सरकत होता तो देवळामागचा डोंगर नव्हताच. तो शाळेमागचा होता. आणि ती बारीक थरथर म्हणजे तिने स्वतः तिथे पाठवलेली माणसं होती.

चूक कुठे झाली, हे तिला तिथल्या तिथे कळलं, आणि कळलं तेव्हा स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटली. लेसर काचेचे मीटर मोजतो, रस्त्याचे नाही. प्रत्येक चेंबरमध्ये केबलचं थोडं वेटोळं जास्तीचं ठेवतात, ते नकाशा हिशेबात धरतो, पण नियमातलं. या भागात दरवर्षी रस्ता रुंद होतो आणि दरवर्षी जेसीबीचा दात केबलला लागतो. तुटली की वेटोळ्यातली ओढायची आणि जोडायची, म्हणजे नव्या केबलच्या मंजुरीसाठी कुणाच्या दारात उभं राहायला नको. म्हणून इथले केबलवाले वेटोळी नियमाच्या तिप्पट ठेवतात आणि कागदावर "नियमाप्रमाणे" लिहितात. शहाणपणच ते. केतकीने ती फुगलेली वेटोळी शंभरदा पाहिली होती, कौतुकही केलं होतं. पण ओरोसपासून पाडगरपर्यंत प्रत्येक चेंबरात ही जास्तीची काच साचत गेली, तर शेवटी नकाशावर गावच्या गाव सरकेल, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

तिने लेसर परत फोनच्या रंगावर आणला. आरसे जुळायला, उष्णता स्थिरावायला काही सेकंद लागतातच, आणि ते काही सेकंद तिला जाता जाईनात. लाईन आल्याआल्या तिने दाजी नाईकांना गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

दाजींनी ऐकून घेतलं. "सकाळी म्हणालंस देऊळवाडी पडता, म्हणान हय इलो. आता म्हणतंस शाळा पडता. सांजेक म्हणशीत ओरोस पडता. गो, म्हातारीकोतारी माणसां आसत हय, भिजान गारठली हत. तेंका कितीदा नाचवतलंस?"

"दाजीकाका, माझी चूक झाली, पण आता..."

"आता देव सांगतलो तरच उठू," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. परत लावला तर घेईनात.

केतकीने वडिलांना फोन केला. ते अजून धापा टाकत होते.

"बाबा, मी चुकलंय. शाळेमागचो डोंगर येता. दाजीकाका ऐकणत नाय. तुम्ही फोन करून सांगा."

"फोनार आवाज ऐकतले, तोंड दिसूचा नाय," भालचंद्र गुरव म्हणाले. "मी जातंय."

देऊळ सुरक्षित होतं. पहिल्यांदाच त्या दिवशी तिला खात्रीने ठाऊक होतं की वडील जिथे उभे आहेत तिथे त्यांच्या केसालाही धक्का लागणार नाही. आणि आता ते डोंगराखाली जायला निघाले होते. तिला "नको" म्हणायचं होतं. तो शब्द अगदी ओठांवर आला होता.

"वहाळातसून जाव नकात, पुलावरसून जावा," ती म्हणाली. "आणि बेगीन."

त्यानंतर ती हातात फोन धरून बसली. एक बटण दाबलं असतं तर रस्त्यावरून जाणारी त्यांची एकट्याची पावलं तिला दिसली असती. पण मग फोन बंद पडला असता, आणि तिकडून कुणाला काही विचारायचं झालं तर? तिने बटण दाबलं नाही. नुसती बसून राहिली.

बऱ्याच वेळाने फोन वाजला. "निघाले सगळे," वडील म्हणाले. "देवळाकडे येतत."

"कसे निघाले?"

"निघाले ता बघ."

उन्हं असती तर कलली असती, अशा वेळेला शाळेमागचा डोंगर खाली आला. मागचे दोन वर्ग आणि स्वयंपाकाची खोली चिखलाखाली गेली. माणूस एकही गेलं नाही. दाजी नाईकांची छत्री तेवढी गेली, आणि ती नवी होती, हे त्यांनी पुढे गावाला विसरू दिलं नाही. रात्री त्यांनी आपण होऊन केतकीला फोन केला.

"तुझ्या काचेपेक्षा आपलो देव बरो गो. भालचंद्रान दारात येवन सांगल्यान, देवान उजवो कौल दिल्यान, उठा. आणि उठलो. ईस पावलां पुढे येव नाय तर धाडकन आवाज." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुका बोललंय ता मनात ठेवू नको."

केतकीने फोन खाली ठेवला. कौल लावायला वेळ लागतो. अंघोळ करून, सोवळं नेसून, कळ्या भिजवून बसावं लागतं, मग देव देईल तेव्हा देईल. तिचे वडील हातातली पहार टाकून थेट शाळेकडे गेले होते. त्यांनी कौल लावलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी तिचे साहेब सबनीस चहाचा कप घेऊन तिच्या टेबलाशी आले. माणूस वाईट नव्हता, सावध होता. "कुणाला काही झालं नाही. गाव म्हणतंय देवाने वाचवलं. म्हणू दे की. नकाशा चुकला होता हे आपणच कशाला ओरडून सांगायचं? पुढच्या वर्षी निधी आला की हळूच दुरुस्त करू."

"सर, डोंगराखालच्या सगळ्या गावांत याच लोकांनी केबल टाकली आहे. सगळीकडे मीटर असेच चुकलेत."

"मग लिही अहवाल. पण सगळं लिहावं लागेल हं. माणसं चुकीच्या जागी कुणी पाठवली, आणि तिथून बाहेर कशी निघाली, तेसुद्धा. चौकशी समिती गावात येईल, एकेकाला विचारेल."

म्हणजे कौलाचंही विचारणार. खोटा कौल सांगणाऱ्या गुरवाला गाव ठेवत नाही. केतकीने अहवाल लिहायला घेतला आणि अर्ध्यावर सोडला. रविवारी ती पाडगरला गेली.

जेवताना वडिलांनी विचारलं, "लिवलंस?"

"नाय."

"कित्याक?"

"तुमचा नाव येता."

भालचंद्र गुरवांनी भातावर कढी वाढून घेतली आणि शांतपणे जेवण संपवलं. नंतर हात धुताना तिच्याकडे न बघता म्हणाले, "उद्या सोमवार. गाऱ्हाणा आसा. थांब."

सोमवारी सगळं गाव सभामंडपात जमलं. देवाने वाचवलं, त्याचे उपकार मानायचे होते. पुढे पुरुष, मागे बायका, ढिगाने नारळ. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलणं. एकाने बोलायचं आणि प्रत्येक वाक्यावर सगळ्यांनी होकार द्यायचा. होकार आला नाही तर गाऱ्हाणं पुढे जात नाही.

भालचंद्र गुरव हातात नारळ घेऊन उभे राहिले. डोळे मिटले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मंडप दणाणला.

"आज ही तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"सगळ्यांका तू सांभाळलंस, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"पण त्या दिवशी कौल तू दिलंस नाय, म्हाराजा."

सवयीने काहीजण "व्हय म्हा" एवढं म्हणाले आणि तिथेच अडखळले.

"कौल मी लावलंयच नाय. माझ्या चेडवान माका सांगलेला, ता मी तुझ्या नावान सांगलंय. आधी चुकला ता तिच्या काचेन चुकला, आणि मगे सापडला ता पण तिच्याच काचेन, म्हाराजा."

होकार आला नाही. लोक एकमेकांकडे बघेनात, सगळे दाजी नाईकांकडे बघू लागले. दाजी जमिनीकडे बघत होते. भालचंद्र गुरव तसेच डोळे मिटून, नारळ धरून उभे होते. होकार येईपर्यंत ते पुढे बोलणार नव्हते, आणि नाहीच आला तर तसेच उभे राहणार होते, हे केतकीला दिसत होतं. बायका गाऱ्हाण्याला आवाज देत नाहीत. आजवर कुणी दिला नव्हता.

"व्हय म्हाराजा," केतकी मागून म्हणाली.

वडिलांनी मोठा श्वास घेतला. "डोंगराखाली आणि गावां आसत, म्हाराजा. थय पण अशीच चुकीची मापां आसत. माझ्या चेडवाक ती सगळ्यांसमोर सांगूची हत. तेच्यात जी काय लाज जातली ती माझी जाऊ दे, पण माणसां जाऊ देव नको, म्हाराजा."

दाजी नाईकांनी मान वर केली. त्यांनी गुरवांच्या तोंडाकडे बघितलं.

"कौलाक ह्यापुढे तुका हात लावूक देवचो नाय, भाल्या," ते म्हणाले. मग त्यांनी देवाकडे तोंड केलं, हात जोडले, आणि म्हणाले, "व्हय म्हाराजा."